भिंतीतली गुणगुण

माइक हातात देताना दुकानदार एवढंच म्हणाला, "ताई, हा सगळं ऐकतो." मला ती तारीफ वाटली. घरात कुणीच काही ऐकत नाही, तेव्हा सगळं ऐकणारी निदान एक वस्तू असावी, एवढ्याच विचारानं मी तो उचलला. ती धमकी होती, हे नंतर कळलं.

तो कंडेन्सर माइक होता. म्हणजे काय, ते मी पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून आणि दोनदा चुकीची तार आणून शिकले. थोडक्यात सांगायचं तर साधा माइक म्हणजे समोर बसून आपलं बोलणं ऐकणारा पाहुणा, आणि कंडेन्सर माइक म्हणजे दाराला कान लावून उभी असलेली नात्यातली बाई. तिला तुमचा श्वास ऐकू येतो, पोटातली गुरगुर ऐकू येते, पलीकडच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येतं, आणि ती ते सगळं जसंच्या तसं चारचौघांत सांगते.

बावीस वर्षं मी बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. मग तिथं यंत्र आलं. "यंत्राला खोकला होत नाही," असं साहेब माझ्या निरोपाच्या भाषणात म्हणाले आणि नेमका त्यांनाच खोकला आला. तो विषय तिथं संपला. आवाज मात्र शिल्लक होता आणि तो 'ओला टॉवेल पलंगावर टाकू नये' असल्या घोषणांत खर्ची पडत होता. अशात एका ध्वनिपुस्तकांच्या कंपनीची जाहिरात दिसली. घरबसल्या कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रण करून देणारे हवेत. पहिल्या प्रकरणाचा दहा मिनिटांचा नमुना पाठवायचा. संधी तीन. तिसऱ्यांदाही नापास झालात, तर पुन्हा अर्ज करता येणार नाही. शेवटची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

मला ते काम हवं होतं. का हवं होतं, ते मी घरात कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगत बसत नाही. हवं होतं एवढं पुरे.

स्टुडिओ म्हणून मी कपड्यांचं कपाट निवडलं. हसू नका, जाणकार मंडळीही हेच सुचवतात. कोट आणि रजया आवाज शोषून घेतात. आमच्या ह्यांचे दोन कोट डावीकडे, रजया उजवीकडे, मध्ये मी स्टुलावर, समोर माइक, आणि माइकची तार भिंतीतल्या विजेशी जोडणारा छोटा डबा मांडीवर. दार ओढून घेतलं की अंधार, पानापुरता बॅटरीचा उजेड आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. पहिला नमुना मी मोठ्या थाटात पाठवला. वाचताना एकदाच व्यत्यय आला. चौथ्या मिनिटाला हे दारावर टकटक करून म्हणाले, "निळा शर्ट तेवढा दे." तो भाग मी कापून टाकला. शर्ट दिला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'ध्वनिमुद्रणात सतत गुणगुण आहे. नापास. ध्वनी तपासनीस.'

बावीस वर्षांत माझ्यावर तक्रारी पुष्कळ झाल्या. गाडी उशिरा पुकारली, लवकर पुकारली, एकदा तर भलत्याच गावाला पुकारली. पण वाचता वाचता मी गुणगुणते, असा आरोप कुणी केला नव्हता. तावातावानं हेडफोन चढवले आणि मग ते ऐकू आलं. माझ्या प्रत्येक वाक्याच्या खाली, वाक्य संपल्यावर तर जास्तच, एक सपाट, जाडसर 'हूंऽऽऽ' चाललेलं. जणू भिंतीत कुणी म्हातारा बसला होता आणि मी जे वाचेन त्याला नाराजीनं हुंकार देत होता.

हे विमा कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे जळलेले पंखे आणि बुडालेल्या गोदामांची पाहणी केलेला माणूस. असं काही समोर आलं की त्यांच्या चेहऱ्यावर रंग येतो. "पद्धतशीर जाऊ," म्हणाले आणि वही काढली. एकेक उपकरण बंद करत गेले. पंखा बंद, गुणगुण कायम. दिवा बंद, कायम. फ्रिज बंद, कायम. वहीत सगळ्यांपुढे 'निर्दोष' असा शेरा पडला. फ्रिज निर्दोष ठरल्यावर तो पुन्हा चालू करायचा असतो, हे मात्र वहीत नव्हतं. दूध, दही आणि दोन दिवसांची भाजी त्या तपासात कामी आली.

मग मला एक शोध लागला. माइक सरळ करायला म्हणून मी त्याची धातूची मान धरली आणि गुणगुण गेली. साफ गेली. हात काढला, परत आली. "अहो! मी हात लावला की गप्प बसतो हा!"

"कोण?"

"माइक!"

"भाग्यवान आहे," हे म्हणाले, पण वहीत लिहून घेतलं.

हे ऐकून तळमजल्यावरचे मीटरकाका वर आले. मीटरकाका वीज खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर आजही असतो. लग्नाला जातानाही असतो. त्यांनी कानाला हेडफोन लावले आणि आळीपाळीनं सगळ्यांना माइकला हात लावायला सांगितलं. ह्यांनी लावला. "निम्मी गेली," काका म्हणाले. मी नुसतं बोट टेकवलं. "पाऊण." तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी 'काय चाललंय' बघायला आल्या. सत्तरीच्या, सडसडीत, इमारतीमागच्या गुलाबाच्या वाफ्याच्या एकमेव मालकीणबाई. त्यांनी आत येता येताच एक बोट लावलं. काकांनी डोळे मिटले. "संपूर्ण शांतता," ते म्हणाले. "माझ्या सबंध नोकरीत असं बघितलं नाही."

"मला कुणी गप्प बसवू शकलं नाही, मी मात्र बसवते," मावशी म्हणाल्या.

काकांनी खुलासा केला. हात लावला की आपणच त्या माइकचं अर्थिंग होतो. भटकी वीज आपल्या अंगातून वाट काढते, आणि माइक निवांत होतो. धोका नाही, पण खूणही चांगली नाही. त्यांचं पुढचं बोलणं ऐकायला मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला उपाय सापडला होता. मी कपाटात शिरले, डाव्या हातानं माइकची मान धरली आणि सबंध दहा मिनिटं ती न सोडता दुसरा नमुना वाचला.

उत्तर आलं. 'गुणगुण गेली, अभिनंदन. परंतु वाचताना कुणीतरी कागदाची पिशवी चुरगाळत आहे. नापास. ध्वनी तपासनीस.'

ती माझ्या तळहाताची कातडी होती.

बावीस वर्षं काचेआड बसलेल्या बाईला आपला हात कसा दिसतो याची सवय असते. तो कसा ऐकू येतो, ते कळल्यावर मी थोडा वेळ कपाटातच बसून राहिले. ह्यांनी दार किलकिलं करून पाहिलं. हळूच हात घालून निळा शर्ट तेवढा काढून घेतला.

आता एकच संधी उरली होती आणि दिवस होता मंगळवार.

मीटरकाकांनी या वेळी मला आधी बसवलं, मग टेस्टर काढला, मग कुठलंसं काटा हलणारं यंत्र आणून आमच्या भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये खुपसलं. बराच वेळ बघत राहिले. "सूनबाई," ते म्हणाले, "हे वरचं मोठं भोक आहे ना, ते शोभेचं आहे. त्याच्यामागं काही नाही."

"आमच्याच घरात?"

"माझ्याही. आत्ताच बघून आलो. अख्ख्या इमारतीचं अर्थिंग कुठंतरी तुटलंय. सगळ्यांच्या अर्थिंगच्या तारा एकत्र बांधलेल्या, आणि जमिनीत जायला वाट नाही. म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातली घाण तारांवरून सगळीकडे फिरतेय. बाकीच्यांना कळत नाही, कारण ते गप्प बसून ऐकत नाहीत. तुझा माइक ऐकतो."

तारा बघायच्या तर जिन्यामागचा डक्ट उघडायला हवा. नळ आणि तारा ज्या उभ्या बोळातून वरखाली जातात, तो. त्याची किल्ली सेक्रेटरींकडे.

आमचे सेक्रेटरी इमारतीतले सर्वांत सभ्य गृहस्थ. इतके सभ्य, की नकार देताना चहा देतात. मला चहा आला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"किल्ली ना? आत्ता देतो वहिनी. फक्त हा एक फॉर्म."

फॉर्मवर तक्रारीचे चार प्रकार होते: गळती, चोरी, पाळीव प्राणी, आवाज. मी 'आवाज' वर खूण केली. खालचा रकाना: 'आवाज कोण करते (घर क्रमांकासह)'. विचार करून मी लिहिलं, 'भिंत'.

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "भिंतीविरुद्ध तक्रार नाही घेता येत, वहिनी. ती सभासद नाही."

"मग गळतीत घाला. वीज गळतेय."

"गळतीला प्लंबरचा दाखला लागतो."

"विजेच्या गळतीला प्लंबर?"

"फॉर्मवर पाण्याची की विजेची असा भेद केलेला नाही," ते हळुवारपणे म्हणाले. "मी स्वतःच तयार केलाय. तुमची अडचण मला समजते. पुढच्या रविवारी समिती बसतेय, तेव्हा घेऊ."

रविवारपर्यंत माझं नाव त्या कंपनीच्या लेखी मेलेलं असणार होतं. मी चहा संपवला आणि घरी आले.

"रकान्यात 'भिंत' चालत नाही ना," हे म्हणाले, "मग घर क्रमांक भरू." आणि पुन्हा वही काढली.

बुधवारी सबंध दिवस मी कपाटात हेडफोन लावून बसले आणि हे जिन्यात फिरत राहिले. कारण लक्ष देऊन ऐकल्यावर कळलं की ती गुणगुण एकसारखी नसते. कुणी काही चालू केलं की तिचा सूर बदलतो. मी कपाटातून ओरडायची, "आत्ता! घरघर सुरू झाली, जरा लंगडी!" आणि हे वर जाऊन दाराला कान लावून यायचे. "मावशींचं वॉशिंग मशीन." लिहून घ्यायचे. साडेआठला एक उंच सणसणाट: तिसरा मजला, केस वाळवायचं यंत्र. तिथं एकटे राहणारे गृहस्थ पूर्ण टकले आहेत. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि फक्त वेळ लिहिली. माणसं आपापल्या घरात काय वाळवतात हा त्यांचा प्रश्न. जिन्यात लोकांच्या दारांना कान लावताना हे तीनदा सापडले. तिन्ही वेळा "विम्याचं काम आहे" म्हणाले. लोकांना ते पटलं, हे मला जास्त गमतीचं वाटलं.

संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत माझ्या कानात होती. खरं सांगू, मला ती आवडायला लागली होती. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना जिन्यात 'बरंय ना?' विचारत आलो आणि उत्तर न ऐकता पुढं जात आलो.

गुरुवारी सकाळी यादी घेऊन मी सेक्रेटरींकडे गेले. चहा आला.

"रकाना भरून आणलाय, घर क्रमांकासह," मी म्हटलं आणि वाचायला घेतलं. वाचण्याची सवय आहे, त्यामुळे जरा ठसठशीतच वाचलं. दार उघडं होतं, जिन्यात दोघं-तिघं थबकले. "सात दहा, वॉशिंग मशीन. साडेआठ..." ते मी गाळलं. "अकरा ते सव्वाअकरा: बारीक शिट्टी, चढत जाणारी, मोटर चालू केल्यासारखी. त्याच वेळात आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते. हे घर अजून नक्की झालेलं नाही, पण ह्यांचं म्हणणं, आवाज तुमच्याच मजल्यावरून..."

"वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, "ही घ्या किल्ली."

"आणि फॉर्म?"

"घरच्या माणसांना कसला फॉर्म."

"मग अकराची नोंद?"

"ती राहू द्या," ते फारच हळू म्हणाले. "ती... तपासाधीन असू द्या."

शपथ घेऊन सांगते, मला काहीही समजलं नव्हतं. जिना उतरताना तळाच्या फलकावरची सूचना दिसली: 'नळाला खासगी मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांवर कडक कारवाई होईल.' तीन रेघांनी अधोरेखित, खाली सेक्रेटरींची सही. तेव्हा कळलं. खाली वाट बघत उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे मी बघितलं. ते लग्नाच्या फोटोतही हसले नाहीत इतके हसत होते.

डक्ट उघडला. आत मीटरकाकांनी बोलावून आणलेला इलेक्ट्रिशियन, त्याच्यामागून वाकून बघणारे काका, त्यांच्यामागून हे, मग मी, आणि सर्वांत मागं, आता कमालीचे मदतीला तत्पर झालेले सेक्रेटरी. इलेक्ट्रिशियननं बॅटरीचा झोत फिरवला. प्रत्येक घरातून आलेली हिरवी तार एका जाड पट्टीला मिळाली होती. ती पट्टी खाली गेली होती आणि पाण्याच्या मोठ्या नळाला पितळी क्लॅम्पनं आवळलेली होती. दोन्ही स्क्रू घट्ट. वरून नळाच्याच रंगाचा हात मारलेला. कुठं ओघळ नाही.

इलेक्ट्रिशियननं नळावर टिचकी मारली. टक् असा पोकळ आवाज आला.

"काम एकदम स्वच्छ आहे," तो म्हणाला. "इतकं स्वच्छ काम बघायला मिळत नाही. फक्त हा नळ प्लॅस्टिकचा आहे."

मग त्यानंच समजावलं. पूर्वी नळ लोखंडी असायचा आणि सरळ जमिनीत जायचा, म्हणून जुन्या इमारतींत अर्थिंग त्यालाच बांधायचे. तीन वर्षांपूर्वी नळ बदलले. आणि मग कुणीतरी ही पट्टी परत बांधली. प्लॅस्टिकला. रंग देऊन.

"कुणी?" काका गरजले. "कोण हा शहाणा?"

सेक्रेटरी धावत जाऊन नोंदवही घेऊन आले. स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाचं तरी काही सापडण्याची ती संधी होती. त्यांनीच मोठ्यानं वाचलं: "'जुना नळ काढताना सुटलेली पट्टी प्लंबरने तशीच लोंबकळत ठेवल्याचे पाहणीत आढळले. ती नवीन नळास पूर्वीप्रमाणे घट्ट बांधून घेतली व रंग देऊन घेतला. काम समाधानकारक.'" मग ते थांबले. "सही... सही जरा..."

सही वाचायची गरज नव्हती. 'पाहणीत आढळले' असं आमच्या इमारतीत एकच माणूस लिहितो.

ह्यांनी वही हातात घेतली. स्वतःचं अक्षर दोनदा वाचलं. तारीख बघितली, वेळ बघितली. वेळसुद्धा घातली होती. "'पूर्वीप्रमाणे' हा शब्द बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले.

बस स्थानकावर शिकलेला माझा सर्वांत मोठा गुण म्हणजे बटण कधी बंद ठेवावं ते मला कळतं. पण तीन वर्षं भिंतीतून हुंकार देणारा तो म्हातारा कोण, ते कळल्यावर मला डक्टमधून जरा बाहेर यावं लागलं. हसू दाबलं की माझे डोळे वाहतात. लोकांना वाटलं, मी रडतेय. सेक्रेटरींनी पाणी मागवलं.

उपाय साधा होता. जमिनीत खड्डा खणायचा, त्यात तांब्याची सळई उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, आणि पट्टी तिला जोडायची. अडचण जमिनीची होती. सेक्रेटरींनी गेल्या वर्षी सुशोभीकरण म्हणून इमारतीभोवती सगळीकडे फरशी बसवली होती. उघडी माती उरली होती एकाच ठिकाणी.

"आधी मला पुरा," मावशी वाफ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मग काय ते पुरा. सात झाडं आहेत. तुमच्या माइकला मुलाबाळांसारखी सात झाडं आहेत का?"

मी म्हटलं, "मावशी, राहू द्या. मी दुसरं काही बघते." मनापासून म्हटलं. दुसऱ्याच्या बागेत खड्डा पाडून वाचावी इतकी कुठली कादंबरी मोठी असते?

"अगं, पण ह्याचा माइकशी संबंधच नाही आता," मीटरकाका पुढं झाले. "मावशी, तुमच्या वॉशिंग मशीनला ओल्या हातानं कधी हात लावलात?"

"रोजच लावते. झिणझिण्या येतात. वयामुळं."

"वयामुळं नाही. अर्थिंग नाही म्हणून."

मावशी गप्प झाल्या. माइक गप्प झाला होता तशाच, संपूर्ण. "चार महिने," त्या सावकाश म्हणाल्या, "मी डॉक्टरांकडून झिणझिण्यांच्या गोळ्या घेतेय. कडू असतात." मग त्यांनी पदर खोचला. "खणा. पण मुळांना धक्का लागला तर याद राखा. आणि काय गं, एवढं करून तुझा आवाज नापास झाला, तर माझ्याशी गाठ आहे."

कुदळ ह्यांनी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. इलेक्ट्रिशियन "माणूस आणतो" म्हणत होता, पण हे कोट काढून, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या डाव्या भिंतीतलाच तो कोट, खणत राहिले. कमरेएवढा खड्डा झाल्यावर वर बघून म्हणाले, "आणखी किती?"

"आत आहात तेवढाच अजून," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दोनला जोडणीसाठी अख्ख्या इमारतीची वीज बंद झाली. चारला यायची ती चार वाजून दहा मिनिटांनी आली. मी कपाटात तयार होते. हेडफोन लावले. 'हूंऽऽऽ' नव्हतं. तीन वर्षांचा हुंकार थांबला होता. आणि त्या जागी एक नवीनच आवाज: 'टर्र टिक-टिक-टिक, टर्र टिक-टिक-टिक'.

मी कपाटाचं दार ढकललं. समोर हे उभे, हातात मोबाइल. "पाचला दहा कमी असताना तुला आठवण करायला गजर लावतोय," ते म्हणाले. मोबाइल जवळ होता तोवर टर्र चालू; माइकला त्याच्या लहरीही ऐकू येत होत्या. मी बोट दाखवलं. त्यांना लगेच कळलं. तीस वर्षांत इतकं लगेच काही कळलं नव्हतं. ते पाठमोरे जिना उतरायला लागले, मी कानावर हेडफोन दाबून धरले, आणि मजल्यामजल्यागणिक ती टिकटिक बारीक होत गेली. ते फाटकापर्यंत गेले तेव्हा ती संपली.

मी दार ओढून घेतलं.

आता मात्र काहीच नव्हतं. मी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. इतके दिवस त्या गुणगुणीमागं मी माझा आवाज नीट ऐकलाच नव्हता. बस स्थानकावरचा मला जो आठवतो तो हा नव्हता. कडेनं जरा खरखरीत झालेला, वरच्या सुरात जाताना किंचित दम लागलेला, वय लपवायला खाली काहीही उरलं नाही असा. आत्तापर्यंत नापास झाले ती भिंतीमुळं. आता झाले, तर भिंतीचं नाव घेता येणार नव्हतं. घड्याळात चार एकोणतीस झाले होते. दहा मिनिटं वाचायची, ऐकून पाठवायची. खाली कमरेएवढ्याच्या दुप्पट खड्डा बुजवला जात होता.

मी तो आवाज घेतला आणि त्याच आवाजात वाचलं. सजवला नाही. चार त्रेपन्नला नमुना गेला.

सोमवारी उत्तर आलं. 'गुणगुण नाही. आवाज चालेल. पुढील प्रकरणे पाठवावीत. ध्वनी तपासनीस.'

बातमी मी आमच्या ह्यांना सांगितली, आणि ह्यांनी इमारतीला. अर्ध्या तासात दिवाणखान्यात बसायला जागा उरली नाही.

"'चालेल'?" मीटरकाका भडकले. "चालेल म्हणजे काय? सव्वा दोन मीटर सळई आहे खाली!"

"लेखी खुलासा मागवू," सेक्रेटरी म्हणाले. आजकाल ते माझ्या बाजूनं फार असतात. नळालाही पूर्ण धार असते.

"वाजवून दाखव," हे म्हणाले. "लोकांना ऐकू दे."

मी नमुना मोठ्या स्पीकरवर लावला. सगळे सरसावून बसले. लवकरच माझ्या लक्षात आलं, की मी वाचत असताना कुणीही ऐकत नव्हतं. वाक्य संपायची वाट बघत होते. वाक्य संपलं, की त्या रिकाम्या क्षणाला सगळ्यांच्या माना डोलायच्या.

"ऐका!" सेक्रेटरी कुजबुजायचे. "काहीच नाही!"

"अजिबात नाही!" मीटरकाका. "आता पुढच्या पूर्णविरामाला बघा, त्याहून चांगला आहे!"

ह्यांनी तर डोळे मिटले होते. परिच्छेद संपला आणि लांब शांतता आली तेव्हा ते इतक्या समाधानानं हसले, की मला तपासनीसाच्या त्या 'चालेल'चं काही वाटेनासं झालं. दहा मिनिटं संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांचं अभिनंदन केलं आणि उठायला लागले.

मावशी तेवढ्या उठल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून त्या अजून बंद स्पीकरकडे बघत बसल्या होत्या.

"पण मग," त्यांनी मला विचारलं, "त्या बाईनं दार उघडलं की नाही त्याला?"

दाराबाहेर गेलेले दोघं-तिघं परत आत वाकून बघायला लागले.

"अजून वाचायचंय, मावशी," मी म्हटलं. "दुसऱ्या प्रकरणात असेल."

"मग बसलीयेस काय?" त्या म्हणाल्या. "जा कपाटात."